"मला आहे कोण?" म्हणूनच मृत्युपत्र करा

"मला आहे कोण, मी कशाला मृत्युपत्र करू?" हे वाक्य एकट्या राहणाऱ्या इतक्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की आज लिहायला बसलेच. पोस्ट मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

आमच्या डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड शिक्षिका राहायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. लग्नानंतर चार वर्षांत मिस्टर गेले, मूलबाळ नाही, सासरच्यांनी तेव्हाच संबंध तोडले. मग बाईंनी डी.एड. केलं, नोकरी धरली, लोन काढून वन रूम किचन घेतलं आणि एकेक हप्ता स्वतःच्या पगारातून फेडला. शेवटची सहा-सात वर्षं त्यांचं सगळं दोघींनी केलं, एक बहिणीची मुलगी आणि दुसऱ्या रोज कामाला येणाऱ्या ताई. इन्सुलिन, डायपर, रात्री अपरात्री रिक्षा शोधणं, सगळं.

बाई गेल्यावर कपाटात साड्यांच्या खाली एक डायरी सापडली. शेवटच्या पानावर, फळ्यावर लिहावं तसं टपोरं अक्षर. घर भाचीला. पाटल्या ताईंच्या मुलीच्या लग्नात द्यायच्या. शाळेच्या लायब्ररीला २५ हजार. खाली सही नाही, तारीख नाही, साक्षीदार कोणी नाही. वकिलांनी ते पान हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि परत दिलं, म्हणाले याचा काही उपयोग नाही.

घर कोणाला गेलं माहितीये? दिराच्या दोन मुलांना, ज्यांनी बाईंना शेवटचं कधी पाहिलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही, हक्क त्यांना कायद्यानेच दिलाय. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर, भाच्या तर कुठल्या कुठे. (माहेरून वारशाने आलेलं असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण पगारातून घेतलेल्या घराला ते लागू नाही.) सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली केस आहे ही. नारायणी देवी नावाची बाई, १९५५ला लग्न, तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, १९९६ला मृत्युपत्र न करता वारली. तिच्या बँकेतल्या आणि पीएफच्या पैशांवर सख्ख्या आईने हक्क सांगितला होता तरी २००९ला कोर्टाने ते नवऱ्याच्या बाजूच्या नातेवाईकांनाच दिले. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती.

म्हणून मला हे कळकळीने सांगायचंय की ज्याला बायको-मुलं आहेत त्याने मृत्युपत्र नाही केलं तरी बहुतेक वेळा घरच्यांनाच मिळतं, भांडणं होतील ती वेगळी. पण ज्याला जवळचं कोणी नाही त्याच्यासाठी कायदा लांबचं नातं शोधत जातो, आणि कोणीच नाही सापडलं तर सरकारजमा. शेजारीण, मैत्रीण, सोबत राहणारा पार्टनर, वीस वर्षं भाकरी करून घालणारी ताई, यातलं कोणीच कायद्याला दिसत नाही. ते तुम्हीच लिहून ठेवायला लागतं.

आणि नॉमिनी केलाय ना, मग झालं, असं समजू नका!! बाईंच्या एफडीला भाची नॉमिनी होती. पैसे तिच्या खात्यात आले आणि नंतर कळलं की ती फक्त सांभाळणारी, मालक वारस. इन्शुरन्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे १९८३लाच सांगितलंय (२०१५ पासून तिथे नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, भाची-मैत्रिणीला मात्र जुनाच नियम), शेअर्सच्या बाबतीत २०२३ला. ज्या मुलीने मावशीचे पाय चेपले तिला ते पैसे मोजून द्यावे लागले.

मी ५४ची, लग्न नाही केलं, आईवडील गेले. बाईंचं बघून मी माझं केलं, आणि खरं सांगते, वाटतं तेवढं अवघड नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तुमची सही, आणि ती सही डोळ्यांनी बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा लहान घ्या, आणि ज्यांना काही द्यायचंय त्यांना साक्षीदार करू नका. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण मी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन केलं, फी १०० रुपये, आणि आमच्या डॉक्टरांकडून मी शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करतेय असं सर्टिफिकेट जोडलं. आजारी माणसासाठी अधिकारी घरी पण येऊ शकतात, तसा अर्ज करायचा. नंतर मन बदललं तर कितीही वेळा नवीन करा, शेवटचं धरलं जातं. (हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख लोकांचं सांगतेय. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येतं, त्यांनी नीट विचारून घ्या.)

दोन गोष्टी मला वकिलांनी सांगितल्या नसत्या तर राहिल्याच असत्या. जिला द्यायचं ती माझ्या आधी गेली तर कोणाला, हे लिहायचं. आणि "याशिवाय जे काही उरेल ते सगळं अमुक व्यक्तीला" ही ओळ टाकायची, नाहीतर पुढे घेतलेलं काही असेल तर ते परत वारसांच्या शोधात. देहदान करायचं असेल तर ते मात्र मृत्युपत्रात लिहून भागत नाही, कारण ते उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, ते शेजाऱ्यांना आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

माझी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, मी गेल्यावर मृत्युपत्राप्रमाणे सगळं ज्याचं त्याला देणारी, माझी कॉलेजची मैत्रीण आहे. परवा तिला कपाटाची डुप्लिकेट किल्ली द्यायला गेले तर तिनेही कागद पुढ्यात घेतला होता. ती पण एकटीच. रविवारी तिच्याकडे साक्षीदार म्हणून जातेय, दुसरा साक्षीदार अजून मिळायचाय.