मेणबत्ती, पेला आणि वर चढणारे पाणी : एक खुलासा

प्राथमिक शिक्षकांच्या गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला की जळताना संपलेल्या ऑक्सिजनएवढे पाणी आत चढते, आणि हवेचा एक-पंचमांश भाग ऑक्सिजन असल्याचे मुलांना डोळ्यांनी दिसते, असे त्यात म्हटले आहे. मीही हा प्रयोग अनेक वर्षे याच स्पष्टीकरणासह घेतला. त्यामुळे ही दुरुस्ती आधी माझी स्वतःची आहे.

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो हे खरेच. पण या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही. ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, म्हणजे बराचसा ऑक्सिजन आत शिल्लकच राहतो, शिवाय जळण्यातून कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. पाणी चढते ते मुख्यतः उष्णतेमुळे : तापलेली हवा प्रसरण पावून काही अंशी निसटते (काठाशी दिसणारे बुडबुडे तिचेच), आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आतला दाब घटला की बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी झपाट्याने चढते ते ज्योत विझल्यानंतर. आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास ते अधिक चढते, पेल्यातला ऑक्सिजन मात्र वाढलेला नसतो. हे पाचवीतली मुले स्वतः पडताळू शकतात.

प्रयोग जरूर घ्यावा. मात्र तो संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना ही दुरुस्ती कळवावी, ही विनंती.