नर्सरीतलं झाड कार्बनचं कर्ज कधीच फेडत नाही? हिशोब मांडून बघा

"नर्सरीत झाड वाढवताना जेवढा कार्बन हवेत जातो तेवढा ते जन्मभर शोषत नाही, रोपं विकत घेऊ नका, झाडं आपोआप उगवू द्या" हा मेसेज आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरायलाय, आणि ऐन लागवडीच्या तोंडावर लोकं विचारायलेत की खड्डे घ्यावेत का नाही. घ्या. मेसेजमधलं एकेक बघू.

म्हणे नर्सरीत पीट (दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा) वापरतात, ते दलदलीतून काढलं की हजारो वर्षांचा साठलेला कार्बन सुटतो. युरोपातलं ते खरंय. आपल्याकडं पिशवीत लाल माती, पोयटा, शेणखत, फार तर कोकोपीट.

प्लास्टिक पिशवी. किलोभर पॉलिथिन बनवताना साधारण 2 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि रोपाची पिशवी असते काही ग्रॅमची. ती शेतात तशीच पडते हा त्रास मोठाय, पण वेगळाय.

बोअरची मोटर अन् युरिया, हा मुद्दा खोटा नाही. परळीची वीज कोळशाचीच, आणि नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास 270 पट तापवतो. पण नर्सरीत रोपाला खत चिमटीनं पडतं, पिकाला पोत्यानं.

खरा खर्च वाहतुकीचा. आंध्रात राजमुंद्रीजवळच्या कडियम या नर्सऱ्यांच्या गावाहून ट्रक संभाजीनगरला यायचा तर साधारण 900 किलोमीटर, लिटरला 4 चं ॲव्हरेज धरलं तर सव्वादोनशे लिटर डिझेल, आणि लिटरला 2.7 किलो कार्बन डायऑक्साइडनं झाले साधारण 600 किलो. त्यात 3000 छोटी रोपं असली तर रोपामागं 200 ग्रॅम, दहा फुटी 100 झाडं असली तर झाडामागं 6 किलो. आता वाळलेल्या लाकडात निम्मा कार्बन असतो, म्हणजे किलोभर लाकूड बनताना झाडानं 1.8 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. ते 6 किलो साडेतीन किलो लाकडात फिटतात! जगलेला कडुनिंब तेवढं काही वर्षांत धरतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात डेवेन इनग्राम यांनी मॅपलच्या झाडाचा पूर्ण हिशोब लावला, तिथंही वाढवण्याचा खर्च काही किलोचा, त्यात मोठा वाटा यंत्रांच्या डिझेलचा, आणि आयुष्यभराचा फायदा शेकडो किलोंचा निघाला.

राहिलं "आपोआप उगवू द्या". बांधावर बाभूळ, सीताफळ उगवतंय तर जरूर राखा. पण जालन्याच्या मोसंबीवाल्यानं डोळा भरलेलं कलम आणायचं कुठून? आणि लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, बी पडायला आधी झाड तर पाहिजे ना.

मेसेजमध्ये जे यायला पाहिजे होतं तेच नाही. मेलेलं रोप एक ग्रॅमही फेडत नाही. राज्यात 2019 ला 33 कोटी झाडांचं टार्गेट होतं, चर्चा सगळी लावलेल्या आकड्याची, एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार हे कितीजणांनी विचारलं? रोप जवळच्या नर्सरीतून घ्या, छोटं घ्या, आणि जेवढ्यांना उन्हाळ्यात पाणी देणं होईल तेवढीच लावा.