शह राजाला, मात मला

आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स चेकनेच भरावा लागतो. कोपऱ्यावरचा भाजीवाला क्यूआर कोड पुढे करतो, पण आमचे सेक्रेटरी "चेकचं बरं असतं हो, हातात कागद राहतो" या मतापासून हललेले नाहीत. यंदा तो कागद त्यांच्या हातात जरा जास्तच राहिला. चेक परत आला. सोबत चिठ्ठी: 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स'. बँकेने दंड खात्यातून कापला, सोसायटीने बिलात चढवला.

बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. खातं उघडताना कॉलेजात केलेली माझी सही तिथे झळकत होती. आडनावाच्या शेवटच्या अक्षरातून निघालेली रेघ पार मागे जाऊन पहिल्या अक्षराला वळसा घालते, मग खाली येते, आणि तिच्याखाली दोन टिंबं. ही सही करणाऱ्या पोराच्या डोक्यावर केस होते आणि हाताशी वेळ होता.

"काका, सेम अशी यायला हवी. साहेब जेवायला गेलेत, बसा तोवर."

बसलो. अंगात चेक्सचा शर्ट, हातात परत आलेला चेक, संध्याकाळी डॉक्टरकडे चेकअप. ह्या सगळ्या चेकांच्या मुळाशी एक राजा बसलाय, तोही आपल्यासारखाच अडचणीत सापडलेला. फारसीतला शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की समोरच्याला सावध करायला "शाह!" असं म्हणायचे. हा शब्द अरबांमार्फत युरोपात गेला, लॅटिन आणि फ्रेंचमधून घरंगळत इंग्लंडात उतरला तेव्हा त्याचा 'चेक' झाला होता. आधी राजा, मग राजावरचा हल्ला, मग कुणालाही अडवणं, आणि शेवटी कुणालाही तपासणं. अडचणीत सापडला शाह, आणि विमानतळावर पट्टा काढून दोन्ही हात वर करून उभा मी! आपण मराठी माणसांनी तोच शब्द 'शह' म्हणून घेतला, पण निदान पटावर आणि राजकारणात ठेवला. विमानतळावर किंवा दवाखान्यात नेला नाही.

इंग्रजांनी आपल्या घरच्या 'किंग'ची मात्र चांगली बडदास्त ठेवली आहे. झोपायला किंग साइज पलंग, ताटात किंग प्रॉन. 2022 साली राणी एलिझाबेथ गेल्या आणि चार्ल्स गादीवर आले, तर 'क्वीन्स इंग्लिश'चं 'किंग्ज इंग्लिश' झालं, 'क्वीन्स कौन्सेल' म्हणवणारे बडे वकील त्याच दिवशी 'किंग्ज कौन्सेल' झाले. बाहेरून आलेल्या शाहच्या वाट्याला फक्त तपासण्या.

आणि वसुली. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या टेबलावर होई. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे शिक्षाच, म्हणून त्या रकान्यांतून सोंगट्या सरकवत पेनी, शिलिंग, पौंड मोजायचे. टेबल दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्याचं नाव पडलं 'एक्स्चेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्या पटाचाच चॅन्सेलर म्हणवतो. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने या खात्यावर गुरुशिष्य संवादाच्या रूपात ग्रंथच लिहिला. शिष्य विचारतो, हे असलं नाव का? गुरू सांगतो, एक तर पटासारखं दिसतं म्हणून, आणि दुसरं म्हणजे इथेही दोघांत लढाई होते, खजिनदार आणि परगण्याचा शेरीफ. शेरीफ बिचारा ईस्टरला आणि पुन्हा सप्टेंबरअखेर मायकेलमसला वसुली घेऊन हजर व्हायचा, आणि समोरचा एकेक सोंगटी सरकवत त्याची बाकी काढायचा. आमची वार्षिक सर्वसाधारण सभा याहून फार वेगळी नसते.

बँकेचा चेकही याच घराण्यातला. मुळात चेक म्हणजे आपल्याकडे उरणारं अर्धुक. कुणी खाडाखोड केली तर ताडून बघता यावं म्हणून ठेवलेलं. पुढे ते नाव अख्ख्या कागदाला चिकटलं. इंग्रजांनी एक्स्चेकरच्या थाटात त्याच्या स्पेलिंगमध्ये क्यू घुसवला. अमेरिकेने तो घेतलाच नाही. आपल्याकडे तो चेकच्या स्पेलिंगमध्येही आहे आणि काउंटरसमोरही.

साहेब ढेकर देत आले. मी अडचण सांगितली.

"सोप्पं आहे. सही बदलायचा फॉर्म भरा. वर नवी सही, खाली जुनी."

"जुनी जमत नाही म्हणून तर बदलायचीय."

"बरोबर आहे तुमचं. पण जुनी जुळल्याशिवाय नवी कशी घेणार आम्ही?"

दोऱ्याला बांधलेल्या पेनाने मी डिपॉझिट स्लिपच्या पाठीवर सराव सुरू केला. दोरा आखूड असल्यामुळे वळसा मारताना पेन अर्ध्यातच अडायचं. मागे ताटकळलेल्या आजोबांनी मान पुढे काढली. "टिंबं राहिली," ते म्हणाले. मुलीनेही डोकावून बघितलं. "काका, आधीच्यापेक्षा छान आलीये, पण ही नाही."

शेवटी साहेबांना दया आली. "असं करा, आधार, पॅन, दोन फोटो आणा. त्यावर करून टाकू."

मी खिशातून सगळं काढून टेबलावर मांडलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदांच्या बाबतीत मी तयारीत होतो. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, टाचणी लावली, आणि म्हणाले,

"आणि एक कॅन्सल्ड चेक द्या."

चेकबुक घरी होतं.