चार वर्षं तिच्याच नावाची फाईल

लग्नाला सव्वा वर्ष झालं, मूल होईना, तेव्हा बायकोची पहिली सोनोग्राफी झाली. मग रक्ताच्या तपासण्या. मग गर्भनळीचा एक्स-रे. त्या दिवशी यवतमाळहून परत येताना ती एसटीत ओटीपोट धरून बसली होती. सोळा सोमवार झाले, अंगारे झाले. शेजारच्या बाळाच्या बारशाला तिला बोलावलं नाही, तेही झालं. चार वर्षांत माझी तपासणी एकही नाही. कोणी सांगितली नाही, अन् खरं सांगतो राजेहो, मीही विचारलं नाही. कापसाचं बोचकं एकटा उचलतो, माह्यात काय खोट असणार!

इथंच आपलं चुकतं. संबंध नीट होतात म्हणजे सगळं नीट, असं नसतं. वीर्य डोळ्यांना दिसतं, शुक्राणू दिसत नाहीत. ज्याचा रिपोर्ट 'निल' येतो, म्हणजे शुक्राणू शून्य, त्याचंही वीर्य दिसायला आपल्यासारखंच असतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणासोबत. अन् वीर्याची तपासणी काहीशे रुपयांत होते, सुई नाही, भूल नाही.

लाज मात्र आहे. आधी २ ते ७ दिवस संबंध ठेवायचा नाही, अन् नमुना तासाभराच्या आत तपासायला पोचला पाहिजे. आमच्या गावाहून एसटीनं ते जमणं शक्य नाही, म्हणून लॅबच्याच संडासात द्यावा लागला. कडी तुटकी, बाहेरून कोणीतरी दार ठोकतंय. जाऊ द्या.

रिपोर्ट आला ६ मिलियन, म्हणजे एका मिलीमध्ये ६० लाख शुक्राणू. मला तर बरंच वाटलं! डॉक्टरांनी सांगितलं, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२१च्या पुस्तकात खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. तरी एका रिपोर्टवर घाबरू नका, म्हणाले. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, अन् मला दोन महिन्यांपूर्वी जबर ताप येऊन गेला होता, त्याचाही परिणाम असू शकतो. तीन महिन्यांनी पुन्हा केली. ८ मिलियन. मग त्यांनी हातानं तपासलं, तर डाव्या बाजूला अंडकोषाच्या नसा फुगलेल्या. व्हेरिकोसिल. अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणून. फुगलेल्या नसांत गरम रक्त साचलं की काम बिघडतं.

मधल्या काळात एका गुप्तरोगवाल्यानं 'धातू घट्ट' करायची पुडी दिली होती, कापूस विकून आलेले पैसे त्यात गेले. आपल्या तालुक्यातल्या जिमातल्या पोट्ट्यांनो, तुमच्यासाठी एक: ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं तर शुक्राणू वाढत नाहीत, उलट बनायचे थांबतात. औषध कोणतं, हे कारण सापडल्यावर ठरतं. हार्मोन कमी असेल तर वेगळी इंजेक्शनं (टेस्टोस्टेरॉनची नव्हे) कामी येतात, रस्ता बंद असेल तर ऑपरेशन. शुक्राणू फारच कमी असतील तर इक्सी, त्यात एकच शुक्राणू बाईच्या बीजात सोडतात. महाग आहे, नागपूरच्या चकरा आहेत.

माझं नसांचं ऑपरेशन झालं. तंबाखूचा खर्रा सोडला, पन्नी घोटायची हाताची सवय अजून जात नाही. फवारणीला मास्क अन् हातमोजे घालतो, गडी हसतात. १९७७मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं शेतीचं औषध बनवणाऱ्या कामगारांचे शुक्राणू घटलेले आढळले होते. हे वाचल्यापासून मी कोणाच्या हसण्याकडे पाहत नाही.

आता १९ मिलियन आहे. बाळ अजून नाही. ऑपरेशननं सगळ्यांचंच वाढतं असंही नाही. माझ्यासोबत बाकावर बसणाऱ्या एकाचं तसूभर हललं नाही.

परवा मावसभावाचा फोन आला. "भाऊ, तुह्या वहिनीचे रिपोर्ट पाठवतो, तुह्या डॉक्टरले दाखव." व्हॉट्सॲपवर सतरा फोटो आले. सतराही वहिनीचे. मी लिहिलं, "तुहा कोणता हाय?" निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून आलं नाही.