शिडातली हवा

पोहणे आणि सायकल एकदा आली की विसरत नाही, असे छातीठोकपणे सांगणारी माणसे शिडाच्या होडीबद्दलही तेच सांगतात. त्यांच्या शब्दावर विसंबून मी २८ वर्षांनी होडीत पाय ठेवला, तो नेमका काठावर. छोट्या होडीत पहिला पाय मधोमध पडावा लागतो. तो काठावर पडल्यामुळे होडी कलली आणि धक्क्यावरून निघण्याआधीच मी कमरेपर्यंत भिजलो.

आठवत मला सगळे होते. पण जे आठवत होते, ते सोळा वर्षांच्या, ५२ किलो वजनाच्या मुलाला करता येण्याजोगे होते. हातांचे मात्र कौतुक केले पाहिजे. बोलाइन गाठ मी डोके चालवून बांधू लागलो, तेव्हा तीनदा तिचा गुंता झाला. मग कुणीतरी वाऱ्याबद्दल काही विचारले म्हणून तिकडे वळून उत्तर देत राहिलो आणि खाली पाहतो तो गाठ बांधून तयार.

होडी लेझर जातीची होती. तिचा सांगाडा जेमतेम ५९ किलोंचा आणि शीड सात चौरस मीटरचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, आणि तो तोलायला या होडीत माणसाच्या वजनाखेरीज फारसे काही नसते. ज्या ८८ किलोंवरून डॉक्टर गेली दहा वर्षे मला बोल लावत आले, ते अखेर कुठेतरी कामी येणार होते! अडचण एवढीच की, हे वजन होडीबाहेर झोकून धरायला पोटाचे स्नायू लागतात, आणि माझ्या पोटात स्नायू सोडून बाकी सगळे होते.

वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असे नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणाला बूमखालून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून, वाकून पलीकडे जायचे, सुकाणूचा दांडा पाठीमागून या हातातून त्या हातात घ्यायचा आणि पलीकडच्या काठावर बसायचे. लहानपणी ही एकच हालचाल होती. आता तिचे सुटे भाग झाले होते: आधी डावा गुडघा, मग जरा थांबून उजवा, मग कंबर. बूमला एवढी उसंत नसते. पहिल्या वळणाला ती माझ्या डोक्यावर आदळली. दुसऱ्या वळणाला मी इतका आधी वाकलो की होडी वळायचीच थांबली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हळूहळू मागे सरकू लागली. होडी मागे जाताना सुकाणूही उलटे चालते, हे मला ठाऊक होते. दांडा हातात असलेल्या माणसाला मात्र ते वेळेवर आठवले नाही.

एवढ्यात समोरून ऑप्टिमिस्ट आली. ऑप्टिमिस्ट म्हणजे सव्वादोन मीटरची, टबासारखी दिसणारी मुलांची होडी. तिच्यात दहाएक वर्षांची मुलगी आरामात बसली होती. समुद्रावरचा नियम असा की, दोन शिडांच्या होड्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर डाव्या बाजूने वारा घेणारीने दुसरीला वाट द्यावी. उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, डावीला पोर्ट. मी मोठ्या अधिकाराने "स्टारबोर्ड!" असे ओरडलो. मुलीने माझ्या शिडाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही पोर्टवर आहात."

गडबडीने मी दांडा ओढला, वाऱ्याचा झोत आला आणि होडी एका कुशीवर झुकू लागली. मराठीत शिडातली हवा काढणे ही अपमानाची गोष्ट आहे. होडीत तोच एकमेव शहाणपणा असतो. शिडाची दोरी, म्हणजे शीट, सैल सोडली की शीड फडफडते, होडी सरळ होते. "काका, शीट सोडा!" असे ती मुलगी ओरडलीही. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. मी दोरी घट्ट धरून, सन्मानाने, उलटलो.

होडी सरळ करणे सोपे निघाले: होडीच्या पोटातून खाली निघालेल्या फळीवर उभे राहून काठ धरायचा आणि मागे रेलायचे. इथे ८८ किलोंनी खरोखर नाव काढले. परत आत चढणे हा वेगळा प्रकार. ओली रजई कठड्यावर टाकावी तसा मी अर्धा आत, अर्धा बाहेर, पोटावर लटकलो होतो. पाय झाडत होतो, नाक तळातल्या पाण्यात होते आणि ती मुलगी माझ्याभोवती संथ फेऱ्या मारत विचारत होती, "काका, बोलावू का कुणाला?" तिसऱ्या खेपेला लाइफ जॅकेटचा बंद कशात तरी अडकला आणि त्याच्या आधाराने मी आत पडलो.

त्यानंतरची पंधरा मिनिटे विलक्षण गेली. होडी तुळतुळीत पाण्यावरून सुसाट निघाली, दोरीतून वाऱ्याची थरथर मनगटात येत होती आणि मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

घरी "छान झाले, जरासा भिजलो" एवढेच सांगितले. सगळ्यांचा विश्वासही बसला. मग जेवताना खाली पडलेला चमचा उचलायला वाकलो, तर सकाळपासून कपाळात दडून बसलेले पाणी एकदम नाकातून धो धो ताटात आले.