मध्यरात्रीची मिस्सा कुणाच्या भाषेत?

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, जवळ आला की वसईतल्या धर्मग्रामांतला (चर्चच्या स्थानिक विभागांतला) एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. नव्या वसाहतींत राहायला आलेल्या कोकणी, तमिळ, मल्याळी कुटुंबांसाठी नाताळची मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) इंग्रजीत ठेवावी की नाही, हा तो वाद. आज एवढी सवलत दिली तर उद्या मराठी उपासनेला सकाळची रिकामी वेळ मिळेल, असे एका बाजूला वाटते. देऊळ, म्हणजे चर्च, सर्वांचे आहे, असे दुसरी बाजू म्हणते. जर्मनीत बसून हे सारे वाचताना मला कोणत्याच बाजूला सरसकट मान डोलावता येत नाही, कारण इथे उपरा मी आहे.

इथल्या कॅथलिक चर्चने पोलिश, क्रोएशियन, इटालियन अशा अनेक भाषकांना त्यांच्या भाषेत मिस्सा आणि त्यांचे धर्मगुरू दिले आहेत. त्यामागे केवळ औदार्य नाही. नोंदणी केलेल्या कॅथलिकाच्या प्राप्तिकरावर राज्यानुसार 8 किंवा 9 टक्के चर्चकर आकारला जातो आणि तो भरणारा पोलिश कामगार ही सोय हक्काने मागतो. त्यामुळे आगमनकाळात एकाच शहरात किती तऱ्हा दिसतात! पोलिश मंडळी अंधार असतानाच मेणबत्त्या घेऊन पहाटेच्या मिस्सेला जमतात आणि 24 डिसेंबरच्या रात्री जेवणाआधी पिठाची पातळ पापडीसारखी वेफर एकमेकांना मोडून देतात. मेजावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडलेले असते. फिलिपिनो लोकांची 16 ते 24 डिसेंबरची सलग नऊ दिवसांची उपासना मायदेशी पहाटे होते, परदेशात मात्र कामाच्या पाळ्या सांभाळत ती बहुधा संध्याकाळी उरकावी लागते. क्रोएशियन घरांत 13 डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, बशीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत वाढलेल्या हिरव्या कोंबांना फीत बांधून मधोमध मेणबत्ती ठेवतात. ती बशी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आपल्याकडे नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात गवत म्हणून उगवलेली नाचणीच डोळ्यांसमोर आली.

या व्यवस्थेचा तोटाही दिसतो. एकाच इमारतीत दहाची जर्मन मिस्सा आणि बाराची पोलिश मिस्सा होते, पण दोन्हीकडची माणसे एकमेकांना दारातच ओलांडून जातात. वसईत असे झाले तर मला ते आवडणार नाही.

पण परंपरेचा दाखला देताना आपण जरा सांभाळून बोलावे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीची घटना जाहीर केली, त्यानंतरच लोकभाषांना वेदीवर वाट मोकळी झाली; त्याआधी आपल्या आजी-आजोबांनी नाताळची मिस्सा लॅटिनमध्येच ऐकली. आपण आज आपले मानतो ते आगमनकाळाचे चार मेणबत्त्यांचे वर्तुळही हॅम्बुर्गमधल्या योहान विखर्न या प्रोटेस्टंट पाळकाने 1839 मध्ये सुरू केलेल्या प्रथेतून आले आहे.

माझा खरा आक्षेप आहे तो इंग्रजीला. ती कोकणी आजीचीही नाही आणि तमिळ कामगाराचीही नाही. सोयीची म्हणून ती पुढे केली जाते आणि तिचा पहिला फायदा घेतात ती इंग्रजी माध्यमात शिकणारी आपलीच मुले. म्हणजे परभाषकांच्या नावाने मागितलेली सवलत मराठीलाच पोखरते, आणि त्याचा दोष मात्र नव्याने आलेल्यांच्या माथी मारला जातो. मल्याळी बांधवांपैकी सिरो-मलबार पंथीयांसाठी (केरळातल्या, स्वतःची वेगळी उपासनापद्धती असलेल्या कॅथलिकांसाठी) तर 1988 पासून कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि त्यामुळे मराठी उपासनेचे काही बिघडल्याचे मला तरी ठाऊक नाही.

म्हणून आगमनकाळात कोकणीत, तमिळमध्ये मिस्सा व्हाव्यात आणि प्रत्येकाने आपापली गाणी मोकळेपणाने म्हणावीत. मध्यरात्रीची मिस्सा मात्र एकच आणि मराठीत असावी. तिच्यात एखादे वाचन किंवा नाताळगीत पाहुण्या भाषेत ठेवले तर कुणाचेच नुकसान नाही. एकट्या धर्मग्रामाला एवढ्या भाषांचे धर्मगुरू मिळणे अवघड आहे, हे खरे. पण शेजारच्या चार-पाच धर्मग्रामांनी रविवार वाटून घेतले तर हे झेपण्यासारखे आहे, आणि ही वाटणी डिसेंबरच्या गडबडीत न करता पावसाळ्यातच ठरवायला हवी.