साठीनंतर कसला आलाय ऑटिझम? या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. ऑटिझम हा लहान मुलांचा प्रश्न आहे, आमच्या काळी असलं काही नव्हतं. आयुष्यभर नोकरी-संसार केलेल्या माणसाने साठीनंतर हे लेबल लावून घेणं म्हणजे फॅड. आता कळून तरी काय उपयोग? आधार हवा असेल तर घरचे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहे. आणि ज्यांना चार माणसांत धड बोलता येत नाही, ते एकमेकांना काय आधार देणार? असा एकूण मजकूर. माझ्या सदुसष्ट वर्षांच्या मावशीला गेल्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. यात मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते, त्यामुळे लोकांशी संवाद, अचानक होणारे बदल, आवाज-स्पर्श हे सगळं जड जाऊ शकतं. आता ती ऑटिस्टिक माणसांच्याच एका आधारगटात असते. असे मेसेज वाचून तिच्यासारखी माणसं पुन्हा गप्प होतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतेय.

"आमच्या काळी नव्हतं." माणसं होती, निदान नव्हतं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन करणारा, ११ मुलांविषयीचा शोधनिबंध अमेरिकेत १९४३ मध्ये लिहिला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. नीट बोलणाऱ्या, अभ्यासात हुशार असणाऱ्या माणसांपर्यंत ते वर्गीकरण पोचायला १९९४ उजाडलं. १९५८ साली जन्मलेली मुलगी तोवर छत्तीस वर्षांची झालेली असते. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला आणि २०१६ च्या कायद्यात २१ अपंगत्वांच्या यादीत बसला. तोवर अशा माणसांना घुमी, एककल्ली, माणूसघाणी म्हणून सोडून दिलं जायचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांचा २०२५ मधला अंदाज आहे की ब्रिटनमध्ये साठीपुढच्या ऑटिस्टिक माणसांपैकी सुमारे ९७ टक्क्यांना निदान मिळालेलंच नाही. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही.

"नोकरी-संसार केला म्हणजे ऑटिझम नाही." कॅनर यांच्या निबंधातला पहिलाच मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात मोठा झाला. बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, जगभर हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्याचं गाव त्याला ओळखून होतं, सांभाळून होतं. मावशीने शाळेत गणित शिकवलं. मधल्या सुट्टीत डबा घेऊन ती रिकाम्या वर्गात बसायची. लग्नकार्यात आल्याआल्या स्वयंपाकघर गाठायची, कारण हातात काम असलं की कुणी गप्पांत ओढत नाही. हे सगळं निभावताना किती दमणूक होत होती ते निवृत्तीनंतर कळलं. घंटा, तासिका, वेळापत्रक, सगळं एका दिवसात गेलं आणि तिचा दिवसच कोसळला. घरच्यांना वाटलं, डिप्रेशन. पुढे नातवाचं निदान झालं, त्याच्या तपासणीतले प्रश्न ऐकताना ती म्हणाली, "हे तर माझंच चाललंय."

"या वयात कळून उपयोग काय?" यावर गोळी नाही, हे खरं. पण म्हातारपणी दवाखाने वाढतात, घर बदलावं लागतं, जोडीदार जातो. ठरलेल्या क्रमावर ज्याचा दिवस उभा आहे त्याला हे बदल फार जड जातात, आणि कारण माहीत असलं तर तयारी करता येते. मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिच्या गटातल्या एका काकांनी तिला एक कागद तयार करायला सांगितला. त्यावर मोठ्या अक्षरांत चारच ओळी होत्या: हात लावण्याआधी सांगा. प्रश्न विचारल्यावर थांबा, मला उत्तराला वेळ लागतो. दुखतंय का हे माझ्या चेहऱ्यावरून ठरवू नका. पुढे काय करणार ते क्रमाने सांगा. सिस्टरांनी तो कागद फाईलला लावून टाकला. आम्ही घरचे इतकी वर्षं तिच्याबरोबर दवाखान्यात जातोय, पण हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. त्या काकांना सुचलं, कारण ते स्वतः त्यातून गेले होते.

"घरचे आहेत, संघ आहे." घरच्यांचं प्रेम असतंच, पण घरी प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि तेच तर दमवणारं असतं. ज्येष्ठ नागरिक संघांचं काम मोलाचं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण हास्यक्लबातल्या टाळ्या, एकाच वेळी बोलणारे वीसजण, माईकची शिट्टी, पाठीवर पडणारी थाप हे सगळं ज्याला टोचतं त्याला "जरा मिसळायला शीक" म्हणणं हा आधार नाही. मावशीचा गट महिन्यातून दोनदा ऑनलाइन भेटतो. विषय आठवडाभर आधी कळतो. एका वेळी एकच जण बोलतो, बोलायचं नसेल तर लिहायचं. कॅमेरा बंद चालतो, मध्येच उठून गेलं तरी कुणी कारण विचारत नाही. एकदा अख्खी भेट ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यावर गेली! कोणी कुठला बल्ब लावला, स्वयंपाकघरातला उजेड कसा मंद केला. जो आवाज घरात दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही, तो तिथे सगळ्यांना येत होता.

उरला शेवटचा मुद्दा, सर्वांत दुखावणारा: यांना संवादच जमत नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंची आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नाही. एडिंबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत माहिती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळली. २०२५ मध्ये तीनशेहून अधिक लोकांवर हाच प्रयोग झाला तेव्हा मिश्र साखळीतला फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण दोन्ही वेळा ऑटिस्टिक माणसं एकमेकांना माहिती पोचवण्यात कुठेही कमी पडली नाहीत.

अशा गटाने सगळं सुटत नाही. नैराश्याला डॉक्टरच लागतो. जे बोलत नाहीत, ज्यांना चोवीस तास सोबत लागते आणि ज्यांचे आईवडील आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी राहण्याची सोय हा फार मोठा आणि निकडीचा प्रश्न आहे. काहींना गट नकोच असतो, त्यांना एकच समजूतदार मित्र पुरतो.

तुमच्या घरात कुणी साठीला येऊन "मला तपासून घ्यायचंय" म्हणालं, तर प्रौढांना तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर घ्या, आणि लहानपण आठवणारं एखादं थोरलं भावंड बरोबर न्या. पहिले प्रश्न त्याच वयाबद्दल असतात.